पिल्लू घरी आणण्याआधी वही उघडा: मध्यम शहरात प्राणी पाळण्याचा खरा हिशोब

आमची कुत्री ७ वर्षांची असताना एका संध्याकाळी सारखी पाणी प्यायला लागली. रात्री तिने जेवणाला तोंड लावलं नाही, अकराच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. शहरात प्राण्यांचे दवाखाने होते, पण त्या वेळी उघडा एकही नव्हता. अडीच तासांवरच्या मोठ्या शहरात पोचलो तेव्हा सोनोग्राफीत दिसलं, की गर्भाशयात पू झालाय. पहाटे ऑपरेशन झालं आणि ती वाचली, पुढे साडेपाच वर्षं जगली. तिची नसबंदी आम्ही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ढकलत आलो होतो. नसबंदी वेळेवर झाली असती तर ती रात्र आलीच नसती, आणि जो खर्च वाचवतोय असं वाटत होतं तो त्या एका रात्रीत कैकपटीने गेला.

मध्यम आकाराच्या शहरातला खर्च असा असतो. रोजचं खाणं, फिरणं, नेहमीच्या तपासण्या इथे बऱ्यापैकी आटोक्यात राहतात. माणूस अडतो तो आजारपण अचानक आलं आणि सोय दूर असली की. म्हणून ‘महिन्याला किती लागतात?’ हा प्रश्न अपुरा आहे. खाली दिलेला हिशोब मी आता प्रत्येक प्राण्यासाठी आधी मांडतो. दर तुमच्या शहरातले तुम्हीच भरायचे आहेत. मी प्रमाणं आणि रीत देतो.

पायरी १: आधी वर्षं मोजा

वहीच्या पहिल्या पानावर पैसे लिहू नका, वर्षं लिहा. लहान चणीचा कुत्रा १२ ते १६ वर्षं जगतो, अगदी थोराड जातींचा बहुधा ७ ते १०. घरातच राहणारं मांजर १५ वर्षं सहज काढतं. ससा ८ ते १२, गिनी पिग ५ ते ८, हॅमस्टर २ ते ३. लहान मुलांसाठी म्हणून आणलेलं छोटं कासव नीट सांभाळलं तर २० वर्षं आणि त्याहून जास्त जगू शकतं, आणि आफ्रिकन ग्रे पोपट तर ४० च्याही पुढे जातो.

मग त्या वर्षांसमोर स्वतःची वर्षं लिहा: नोकरीतली बदली, मुलांचं शिक्षण, आईवडिलांचं वय, भाड्याचं घर. प्राणी फुकट मिळाला का विकत घेतला, यावर लोक फार वेळ चर्चा करतात. माझ्या मते ती वहीतली सगळ्यात छोटी नोंद आहे.

जात मात्र महत्त्वाची आहे. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना श्वासाचा आणि उन्हाळ्याचा त्रास होतो, काहींना त्यासाठी ऑपरेशन लागतं. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरमध्ये खुब्याचे सांधे बिघडतात. डॅशहुंडच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकते. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो आणि त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू देणाऱ्याकडे आईवडिलांच्या तपासण्या मागा. ‘तशी गरजच नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथून उठून येईन.

पायरी २: खाण्याचा हिशोब वजनावरून काढा

पिशवीवरचा तक्ता ढोबळ असतो. प्राण्यांचे डॉक्टर वापरतात ते सूत्र घरच्या कॅलक्युलेटरवरही चालतं. प्राण्याचं किलोतलं वजन तीन वेळा एकमेकांशी गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ही झाली शरीराला नुसतं पडून राहायला लागणारी रोजची ऊर्जा, किलोकॅलरीत. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती १.६ ने गुणा, तशाच मांजरासाठी १.२ ने. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला साधारण ३ पट लागते, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत २ पट.

१० किलोच्या कुत्र्याचं करून बघू. १० गुणिले १० गुणिले १० म्हणजे १०००. दोनदा वर्गमूळ काढलं की ५.६२, गुणिले ७० म्हणजे ३९४. त्याला १.६ ने गुणलं की सुमारे ६३०. बहुतेक कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. ३६० धरल्या तर दिवसाला १७५ ग्रॅम, महिन्याला सव्वापाच किलो. ३० किलोच्या कुत्र्याला याच रीतीने दिवसाला ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो. ४ किलोच्या मांजराला दिवसाला ६६ ग्रॅम, म्हणजे महिन्याला २ किलो. हा आकडा सुरुवातीचा आहे. दर महिन्याला वजन करा आणि प्राणी सुटतोय का रोडावतोय ते बघून कमीजास्त करा.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कुत्रा तिप्पट वजनाचा झाला तर खाणं तिप्पट होत नाही, सव्वादोन-अडीच पटीच्या दरम्यान राहतं. औषध मात्र किलोवर मोजलं जातं. प्रतिजैविकं, वेदनाशामक, भूल, गोचिडाची गोळी, सगळं वजनानुसार वाढतं. मोठा कुत्रा खाण्यापेक्षा औषधात महाग पडतो, आणि बरेच जण नेमकं हेच धरत नाहीत.

ओल्या पाकिटातल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, कोरड्यात साधारण १० टक्के. म्हणून दोन्हींची तुलना किलोच्या भावाने करू नका, १०० किलोकॅलरी कितीला पडतात ते काढा. मोठ्या पिशवीच्या सवलतीचंही तसंच. पिशवी उघडल्यावर त्यातली चरबी हळूहळू खवट होऊ लागते, त्यामुळे ती महिना-दीड महिन्यात संपावी. १० किलोची पिशवी एकट्या मांजराला ५ महिने पुरेल. तो भाव दिसतो स्वस्त, पण शेवटची अर्धी पिशवी मांजर हुंगून निघून जाईल. मोठ्या कुत्र्यासाठी मात्र तीच पिशवी फायद्याची. मध्यम शहरात खास आजारासाठीचं खाणं बहुधा मागवावं लागतं, म्हणून घरात निदान १५ दिवसांचा साठा ठेवा.

घरचं शिजवून घालणार असाल तर घाला, पण भात आणि चिकन एवढ्याने कॅल्शियम पुरत नाही. डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या आणि पूरक पावडरीचा खर्चही धरा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजीचा एक गोड पदार्थ) घातलेली शुगरफ्री मिठाई कुत्र्याच्या वाट्याला जाऊ देऊ नका. मधल्या वेळचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्री आयुष्यभर सांभाळली होती. त्यांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. मोजून घालणं हा या वहीतला असा एकमेव उपाय आहे, ज्यात पैसे आजही वाचतात आणि उद्याही.

पायरी ३: पहिल्या वर्षाचं पान वेगळं ठेवा

पहिलं वर्ष पुढच्या वर्षांपेक्षा जड जातं. सामान एकदाच घ्यायचं असतं: पट्टा, दोरी, भांडी, अंथरूण, नेण्याआणण्याची पेटी. मांजर असेल तर लिटरच्या (शी-शूसाठीच्या वाळूच्या) ट्रे, त्याही मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. दोन मांजरांना तीन. खिडक्या आणि गॅलरीला जाळी हा मांजराच्या घरातला पहिला खर्च, शोभेचं घर नंतर. अंथरूण पहिल्या सहा महिन्यांत महागाचं घेऊ नका, पिल्लू ते फाडणारच.

लसींचं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण लोक बचत करतात ती नेमकी इथे. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून दर २ ते ४ आठवड्यांनी लस देतात, आणि शेवटचा डोस १६ आठवडे किंवा त्यानंतर पडायला हवा. कारण असं, की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे राहते आणि ती लसीलाच निकामी करते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यायचे. ‘दोन झाले, आता पुरे’ म्हणून शेवटचा सोडला, तर आधीचे दोन कदाचित वायाच गेलेले असतात. मग पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार होतो, पिल्लू पाच-सात दिवस सलाइनवर राहतं आणि तरी वाचेलच असं नाही. तो विषाणू घरात, अंगणात महिनोन्महिने तग धरतो आणि साध्या फरशी पुसण्याच्या औषधांना दाद देत नाही, ब्लीच लागतं. त्या जागी नवं, लस न झालेलं पिल्लू आणणंही धोक्याचं.

त्यानंतर वर्षाच्या आत एक बूस्टर, आणि पुढे मुख्य लसी साधारण तीन वर्षांनी. लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस दरवर्षी लागते. रेबीजची तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे, बऱ्याच ठिकाणी दरवर्षी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की प्राणी आणि माणूस दोघांसाठीही उपाय जवळपास उरत नाही, त्यामुळे या नोंदीवर कधीच काट मारायची नाही. चावा किंवा ओरखडा निघाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

जंतांचं औषध ८ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, नंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, पुढे बहुधा तीन महिन्यांनी. त्यात नसबंदी धरा. नोंदणी आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) जिथे लागू असेल तिथे तीही.

पायरी ४: दरमहाचं आणि दरवर्षीचं

दरमहाच्या पानावर खाणं, गोचीड-पिसवांचं औषध, मांजर असेल तर लिटर (एका मांजराला प्रकारानुसार साधारण ५ ते १० किलो), लांब केसांची जात असेल तर ग्रूमिंग. गोचिडाच्या औषधात सातत्य ठेवा. गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप येतात, प्लेटलेट्स पडतात, आणि मग रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एक ताकीदही देतो: कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध उरलं म्हणून मांजराला लावू नका. ते मांजराला विषासारखं आहे. पॅरासिटामॉलचंही तेच, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

दरवर्षीच्या पानावर तपासणी, लसी आणि दात. कुत्र्यामांजरांत तिसऱ्या वर्षापर्यंतच हिरड्यांचा आजार दिसू लागतो आणि दात स्वच्छ करायला पूर्ण भूल द्यावी लागते. प्राण्यांच्या टूथपेस्टने रोज ब्रश केलं तर हा खर्च बराच लांबतो. माणसांची पेस्ट नको.

ससा किंवा गिनी पिग ‘स्वस्त’ म्हणून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवतच हवं आणि ते वर्षभर मिळायला हवं. गिनी पिगला शिवाय रोज क जीवनसत्त्व बाहेरून लागतं. दुसरं, शहरात यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर आहे का? अनेक मध्यम शहरांत एकही नसतो. मासे पाळायचे तर विजेचा हिशोब करा: १० वॅटचा पंप २४ तास चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट, हीटर असेल तर त्याचे वेगळे. कासव आणि सरड्यांच्या यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचा उजेड दिसत राहतो, पण त्यातली उपयोगी किरणं सहा महिने ते वर्षभरात मंदावतात. तेव्हा चालू दिवाही बदलावा लागतो.

पायरी ५: अंतराचं पान

हे पान मी त्या रात्रीनंतर वहीत जोडलं. एका रविवारी दुपारी आणि एका रात्री दहानंतर शहरातल्या दवाखान्यांना फोन लावा. कोण उचलतं ते लिहा. मग विचारा:

रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोण बघतं? एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी तिथेच होते का, अहवाल किती वेळात मिळतो? प्राण्याला रात्रभर ठेवायची सोय आहे का, आणि रात्री तिथे माणूस असतो का? भूल देताना त्यावर लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असते का? रक्त चढवायची वेळ आली तर दाता कुठून आणतात? इथे जमलं नाही तर पुढे कुठे पाठवतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं खरं अंतर. तिथे जायची गाडी, रात्रीचा दर, एका माणसाची दोन दिवसांची सुट्टी आणि राहण्याचा खर्च, हे सगळं लिहून ठेवा. रात्री प्राण्याला घेऊन यायला तयार असलेल्या दोन चालकांचे नंबर आधीच बोलून घ्या. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडला तर हातात फक्त काही तास असतात. त्या वेळी नंबर शोधत बसायला सवड नसते.

आता आणीबाणीची रक्कम ठरवा. पोटाचं एक मोठं ऑपरेशन, तीन दिवस दाखल ठेवणं आणि त्याआधीच्या तपासण्या यांचा अंदाज तुमच्या प्राण्याच्या वजनाला धरून दोन ठिकाणी विचारा. मोठा आकडा घ्या आणि त्यात अंतराच्या पानावरची बेरीज मिळवा. ही रक्कम १८ ने भागा; तेवढे दरमहा वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे दीड वर्षात ती जमते. विमा मिळत असेल तर बघा, पण आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे संरक्षण नसतं, आणि बहुधा आधी बिल तुम्ही भरायचं, मग परतावा. म्हणजे हाताशी रक्कम लागतेच.

पायरी ६: वेळ, घर आणि गावाला जाणं

सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास फिरवणं म्हणजे वर्षाला ३६५ तास, आठ तासांच्या कामाचे ४५ दिवस. ते कोण देणार, त्याचं नाव लिहा, ‘आम्ही सगळे’ असं नको. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही. घर दिवसभर बंद राहत असेल तर मधे येऊन जाणाऱ्या माणसाचा पगार दरमहाच्या पानावर येतो.

भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लेखी घ्या. ‘चालेल हो’ या शब्दावर राहू नका, मालक बदलतो, त्याचं मतही बदलतं. पुढचं घर शोधताना निवड कमी होते आणि भाडं वाढतं, हाही खर्चच.

मागच्या वर्षी तुम्ही किती रात्री घराबाहेर होतात ते आठवून मोजा. त्या आकड्याला बोर्डिंगच्या (प्राणी ठेवून घेणाऱ्या जागेच्या) एका रात्रीच्या दराने गुणा. बोर्डिंगवाले लसीकरणाचं कार्ड मागत नसतील, तर तिथे ठेवू नका.

पायरी ७: म्हातारपण

आयुष्याचा शेवटचा तिसरा हिस्सा वेगळा लिहा. मांजरांची मूत्रपिंडं थकतात, लहान चणीच्या कुत्र्यांच्या हृदयाची झडप गळू लागते, मोठ्यांचे सांधे धरतात. हे आजार बरे होत नाहीत, सांभाळावे लागतात: रोजची गोळी, सहा महिन्यांनी रक्ततपासणी, खास खाणं. माझ्या अनुभवात औषधोपचाराचं पान या वर्षांत दुपटीच्या वर गेलं. वेदना असह्य झाल्या तर शांतपणे निरोप द्यायची सोय शहरात आहे का, डॉक्टर घरी येतात का, नंतर दफन किंवा दहन कुठे होतं, हे प्राणी धडधाकट असतानाच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, आणि त्या सकाळी फोनवर हे सगळं बोलताना शब्द फुटत नव्हते.

पायरी ८: तीन महिन्यांची तालीम

सगळ्या पानांची बेरीज करून एका महिन्याचा आकडा काढा: दरमहाचं, दरवर्षीचं भागिले १२, आणि आणीबाणीचा हप्ता. पहिल्या वर्षाचं पान बाजूला राहू द्या, ते एकरकमी लागतं.

आता प्राणी आणू नका. तो महिन्याचा आकडा तीन महिने पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याने सकाळ-संध्याकाळ अर्धा तास बाहेर पडायचं, पाऊस असो वा पाहुणे. दुसऱ्या महिन्यात हप्ता मोडावा लागला, तर कमी खर्चाचा, लहान चणीचा प्राणी किंवा प्रौढ, नसबंदी आणि लसी झालेलं दत्तक जनावर असा विचार करा. पहिल्या वर्षाचं बरंचसं पान तिथे आधीच भरलेलं असतं. तरीही जमत नसेल, तर एखाद्या निवाऱ्याकडून थोड्या काळासाठी सांभाळायला प्राणी घेता येतो. बऱ्याच ठिकाणी औषधपाण्याचा खर्च तेच उचलतात, मात्र हे आधी विचारून घ्या.

तिन्ही महिने निभले तर जमलेली रक्कम नव्या सामानावर उडवू नका. ती तशीच राहू द्या, अंतराच्या पानावर पहिली जमा म्हणून तिची नोंद करा, आणि रात्रीच्या त्या चालकाला पुन्हा एकदा फोन करून विचारा, नंबर अजून हाच आहे ना.